मंद उजेडातलं माप

मार्चचा शेवटचा आठवडा होता. रेसिडेन्सी रोडवर कलतं ऊन अजून अंगाला चटका देत होतं. सदरमधल्या एका कॉकटेल बारचं जाड दार ढकलून आम्ही दोघं आत शिरलो आणि जागच्या जागी उभे राहिलो. बाहेर संध्याकाळ व्हायची होती, आत मध्यरात्र झालेली. माझा मित्र वर्ध्याचा, शाळेपासूनची दोस्ती. हाताने चाचपडत तो म्हणाला, "अबे, खुर्ची कुठं आहे? मले तर काहीच दिसून नाही राहिलं."

नागपुरातलं काम आटोपून रात्रीच पंचाहत्तर किलोमीटर गाडी चालवत घरी परतायचा त्याचा बेत होता. गाडी बाहेर उभी होती. हा बेत लक्षात ठेवा, त्याच्याकडे शेवटी यायचं आहे.

त्याला दिसत नव्हतं ते का, हे आधी पाहू. भर दुपारी उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स इतका उजेड पडतो. ऑफिसातल्या टेबलावर तीनशे ते पाचशे. अशा बारमधल्या टेबलावर दहा-वीस लक्स, कोपऱ्यात त्याहूनही कमी. आपल्या डोळ्याची बाहुली काळोखात दोन मिलिमीटरवरून सातपर्यंत मोठी होते, म्हणजे आत येणारा उजेड फार तर बारा पटींनी वाढतो. हजारो पटींचा फरक बाहुलीच्या आवाक्यातला नाही. ते काम दृष्टिपटलावरच्या पेशींना करावं लागतं. उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी सात ते दहा मिनिटांत सरावतात. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना मात्र वीस ते तीस मिनिटं लागतात, कारण त्यांच्यातलं ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य उन्हात विरलेलं असतं आणि ते पुन्हा भरून यावं लागतं. हे द्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनतं. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो तो यामुळेच.

पण दंडपेशींना रंग कळत नाहीत. उजेड जसजसा कमी होतो तसतसा लाल रंग काळवंडत जातो आणि निळा-हिरवा त्या मानाने उजळ दिसू लागतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गोष्ट टिपली. दिवसा भडक लाल दिसणारी फुलं पहाटेच्या अंधुक उजेडात काळी दिसतात, हे त्याच्या नजरेला आलं. बारमधल्या दिव्यांचा पिवळसर सोनेरी रंग निवडतात त्यामागे हे एक कारण असावं असं मला वाटतं. तिथं पांढरा-निळा मंद दिवा लावला तर माणसांचे चेहरे आजारी दिसतील.

रंग गेला की चवीचाही आधार जातो. बोर्दो इथं झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. २००१ साली प्रकाशित झालेल्या या प्रयोगात द्राक्षमद्याचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये निव्वळ लाल रंग मिसळून दिला. तिचा वास सांगताना त्यांनी लाल वाईनसाठी वापरतात तेच शब्द वापरले. शिकणाऱ्या नाकांची ही कथा, तर आपण काय सांगणार! ग्लास किती भरलाय, किती उरलाय, हे मंद उजेडात डोळा नीट सांगू शकत नाही. जीभही डोळ्याच्या भरवशावर असते. म्हणून अशा जागी माप दुसऱ्या कुणीतरी धरावं लागतं. आमच्या समोरचा बारटेंडर ते हातात घेऊनच उभा होता. स्टीलचं, डमरूसारखं, एका बाजूने तीस मिलिलिटर आणि दुसऱ्या बाजूने साठ.

हा अंधार आपल्याकडे एका वेगळ्या वाटेनेही आला आहे. सदरला विलायती बाटली नवी नाही. १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली आणि पुढे नागपूरवर इंग्रज रेसिडेंटचा वरचष्मा राहिला. रेसिडेन्सी रोड हे नाव त्या काळातलं. छावणीच्या गावांतून मुख्य बाजाराला सदर बाजार म्हणत, नागपूरचा सदर त्याच वळणाचा. चर्च, कॉन्व्हेंट शाळा, शेजारी पारशी वस्तीचं बैरामजी टाऊन, असा तोंडवळा त्याला तेव्हापासून आहे. पण स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे तो कायदा इकडेही लागू झाला. आज महाराष्ट्रात दारू मिळते ती हाच कायदा चालू असताना. कायद्याने पिणं मना आहे आणि परवाना असलेल्याला सूट आहे. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा परवाना काढता येतो. 'परमिट रूम' हा शब्द त्यातूनच आला. विलायती दारूसाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे, बिअर आणि वाईनसाठी एकवीस.

परमिट रूमच्या काळ्या काचा कुणी पाहू नये म्हणून असत. ओळखीचा माणूस दारात दिसला तर पाठ फिरवायची, ही आपली मध्यमवर्गीय रीत. कॉकटेल बारचा अंधार मात्र दिसण्यासाठी केलेला असतो. एकच दिवा ग्लासवर पडेल असा टांगलेला, मागच्या फळीवरच्या बाटल्या खालून उजळलेल्या. तिथं बायका, तरुण मुली, कुटुंबं बिनधास्त बसलेली दिसतात. हा बदल मला चांगला वाटतो. लपून पिण्यात माप राहत नाही. घाईघाईने रिचवायचं आणि बाहेर पडायचं, अशी सवय त्यातून लागते.

माझ्या मित्रासाठी तर दारूबंदी हा विषय घरचाच. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, सेवाग्रामच्या बापूंचा जिल्हा म्हणून. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, लोकांनी चळवळ करून मिळवलेली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. नागपूर या सगळ्यांच्या जवळ उघडं बसलेलं शहर आहे. बंदी असावी की नसावी या वादात मी इथं शिरत नाही. गडचिरोलीतल्या ज्या बायकांनी ती मागितली त्यांनी घरात जे सोसलं ते मला माहीत आहे असा आव मी आणू शकत नाही.

मित्राने कॉकटेल कधी घेतलं नव्हतं. व्हिस्की आणि सोडा, बस्स. "हे कॉकटेल म्हणजे इंग्रजांची नाटकं," असं त्याचं म्हणणं. त्याला मी जे सांगितलं ते इथंही सांगतो. मिसळून प्यायच्या या पद्धतीचा एक मोठा धागा आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर, गोवा असा हिंडला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा काळ तो. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याजवळच्या नेरूळच्या माडाच्या दारूचा उल्लेख आहे. किनाऱ्यावरचे इंग्रज तिच्यापासून 'पाँच' करतात, आणि पाच जिन्नस पडतात म्हणून इथल्या भाषेतल्या पाचवरून त्याला ते नाव, असं तो सांगतो. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. हेच ते पुढे जगभर गेलेलं 'पंच'. या व्युत्पत्तीवर मतभेद आहेत, काही जण पिंपाच्या इंग्रजी नावाकडे बोट दाखवतात. पण ही कृती आपल्या किनाऱ्यावर रुजली होती हे फ्रायरच्या नोंदीतून दिसतंच. 'कॉकटेल' या शब्दाची पहिली छापील व्याख्या त्यानंतर शंभरेक वर्षांनी येते, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात, १३ मे १८०६ रोजी. तिच्यात दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क हे चार घटक सांगितले आहेत.

दोन्ही याद्यांमध्ये पाणी आहे. ते लोकांच्या लक्षात येत नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे.

मित्रासाठी व्हिस्की सावर मागवलं. साठ मिलिलिटर व्हिस्की, पंधरा लिंबाचा रस, पंधरा साखरेचा पाक. बारटेंडरने तिन्ही मापून शेकरमध्ये ओतले, वर बर्फ भरला, झाकण ठोकलं आणि खांद्याजवळ धरून जोरात हलवायला लागला. दहा-बारा सेकंदांत शेकरच्या बाहेरून पांढरं दहिवर चढलं. मग गाळणीतून ग्लासात ओतलं तर वर फेस आणि ग्लास भरायला आलेला. मित्र माझ्या कानाशी आला, "लेका, पाणी पाजून राहिला का हा?"

पाणीच होतं. आणि ते हिशोबाने घातलेलं होतं. दहावीच्या पुस्तकात आपण 'वितळणाचा अप्रकट उष्मा' शिकलो. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ३३४ जूल उष्णता लागते. बर्फ ती कुठून घेणार? शेजारच्या दारूतून. पेय थंड होतं ते बर्फ 'गार असतो' म्हणून थोडंसंच, मुख्यतः तो वितळतो म्हणून. म्हणजे न वितळता गारवा देणारा बर्फ शेकरमध्ये जवळजवळ निरुपयोगी.

आता आकडे मांडू. नव्वद मिलिलिटर मिश्रण आहे. मार्चमधलं नागपूर, तेव्हा ते ३० अंशांवर आहे असं धरू. हलवून झाल्यावर ते साधारण उणे पाच अंशांवर येतं. एवढं गार करायला त्यातून सुमारे बारा हजार जूल काढावे लागतात. बारा हजार भागिले ३३४, म्हणजे छत्तीस ग्रॅम बर्फ वितळला. नव्वदचे सव्वाशे झाले. आधी मिश्रणात मद्यार्काचं प्रमाण साडेअठ्ठावीस टक्के होतं, ते साडेवीसवर आलं. घशाला जाळणारी गोष्ट या पाण्याने पिण्याजोगी होते. बारा सेकंदांऐवजी चार सेकंद हलवलं तर ती कडक आणि कोमट लागेल, आणि हलवून तशीच शेकरमध्ये ठेवून दिली तर पाणचट होईल. बारटेंडरचं कसब या काही सेकंदांत आहे. मागच्या फळीवरच्या बाटल्यांच्या किमतीशी त्याचा संबंध फार थोडा.

शून्य अंशावरचा बर्फ पेयाला उणे पाचपर्यंत कसा नेतो, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर घरातला आईस्क्रीमचा लाकडी पॉट आठवा. मे महिन्याच्या सुट्टीत अंगणात तो फिरवताना बर्फात जाडं मीठ टाकत. कुल्फीवाल्याच्या मटक्यातही तेच. मीठ विरघळलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, बर्फ वितळत राहतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता शोषत शून्याच्या खाली नेतो. शेकरमध्ये मिठाचं काम दारू करते.

बर्फाचा आकारही याच गणितात बसतो. पाच सेंटिमीटरचा एक चौकोनी ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग दीडशे चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक-एक सेंटिमीटरचे तुकडे केले तर ते १२५ होतात आणि एकूण पृष्ठभाग साडेसातशेवर जातो, पाचपट. पृष्ठभाग जास्त तितकं वितळणं जलद. म्हणून हलवायला लहान बर्फ आणि ग्लासात ठेवायला एकच मोठा ठोकळा. तो ठोकळा काचेसारखा नितळ असतो तेही विनाकारण नाही. फ्रीजमधला बर्फ चहूबाजूंनी गोठतो, पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार मध्यभागी ढकलले जातात आणि तिथं पांढरा ढग तयार होतो. भांड्याला बाजूंनी आणि खालून थर्माकोलचं आवरण देऊन फक्त वरून गोठू दिलं की ही हवा खाली सरकत जाते आणि वरचा भाग नितळ मिळतो. घरी करून पाहण्यासारखं आहे, लिंबाच्या सरबतासाठीसुद्धा.

या शहरात बर्फाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आणि आपण हे विसरतो की या देशात बर्फ एके काळी जहाजातून यायचा. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज तिथल्या तळ्यांतला १८० टन बर्फ घेऊन निघालं. चार महिन्यांनी ते कलकत्त्याला पोचलं तेव्हा सुमारे शंभर टन उरला होता. पुढच्या वर्षी बर्फ मुंबईलाही आला. तो ठेवायला पुढे तिथं खास बर्फघर बांधलं गेलं.

व्हिस्की सावरवर शेवटी बारटेंडरने एका फळाची साल पिळली. जाड सालीचं, चकचकीत, बाहेरून आलेलं फळ. मला राहवलं नाही. "भाऊ, संत्रा नाही का? नागपुरात बसून ही साल कशाला?"

"सर, संत्र्याची साल पातळ असते, कापताना फाटते. ज्यूससाठी आहे ना, देऊ का?" असं म्हणून त्याने टेबलाखालच्या टोपलीतून एक संत्रा काढून समोर ठेवला.

त्याचं म्हणणं खरं होतं. आपला संत्रा सैल सालीचा. ती हाताने अलगद सुटते हाच तर त्याचा गुण. जाड सालीच्या फळाची जशी लांब पट्टी निघते तशी याची निघत नाही. पण पट्टी लागते कशाला? सालीच्या बाहेरच्या केशरी थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं आणि संत्र्याचा सगळा दरवळ या तेलात आहे. रसात तो फार थोडा. आम्ही नखाने सोललेला संत्र्याच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा टेबलावरच्या मेणबत्तीजवळ धरून दाबला. बारीक फवारा उडाला आणि ज्योतीवर ठिणग्या फुलल्या. ते तेल असतं, म्हणून पेटतं. लहानपणी हाच फवारा फुगवलेल्या फुग्यावर मारला असेल तर फुगा फटकन फुटलेला आठवेल. लिमोनीन रबराला विरघळवतं. मग दुसरा तुकडा ग्लासावर पिळला. व्हिस्की सावरचा वास एकदम बदलला. मित्र ग्लास नाकाशी नेऊन थांबला आणि म्हणाला, "हा तर आपल्या काटोलच्या बगीच्यातला वास आहे बे."

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी देशाची मध्यवर्ती संस्था इथं अमरावती रस्त्यावर आहे. आंबिया बहार नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृग बहार फेब्रुवारीपासून पुढे, असा वर्षातला बराच काळ संत्रा बाजारात असतो. तरी आपल्या बारमध्ये त्याची सोय रसापुरती. देशी दारूच्या दुकानात मात्र 'संत्रा' हे नाव बाटलीवर छापलेलं असतं, त्या संत्र्यात फळ नसतं, फळाची नुसती चव. मला वाटतं सदरच्या कॉकटेल बारने आपली ओळख शोधायची तर सुरुवात टेबलाखालच्या त्या टोपलीपासून करावी.

तसंच मोहाचं. आम्ही बारमध्ये बसलो होतो त्याच आठवड्यात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलात पहाटे मोहाची फुलं टपटप पडत होती आणि बायका-मुलं टोपल्या घेऊन ती वेचत होती. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण आणि देव यांच्यासमोर या फुलाची दारू ठेवली जाते. इंग्रज सरकारला मात्र यात बुडणारा महसूल दिसला. १८९२ मध्ये मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदाच केला. महाराष्ट्रात फुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध २०२१ मध्ये हटले. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली आहे. आपल्याकडे ती अजून 'हातभट्टी' या एका शब्दात गाडलेली आहे. फूल वेचणाऱ्या बाईच्या हातात त्यातले चार पैसे जास्त पडतील अशी सोय झाली तर सदरमधल्या फळीवर मोहाची बाटली पाहायला मला आवडेल. तशी सोय नसेल तर नुसतं नाव मिरवण्यात अर्थ नाही.

मी स्वतः त्या रात्री टॉनिक पाणी आणि लिंबू यावर होतो. कोपऱ्यातल्या जांभळ्या दिव्याखाली ग्लास नेला तर पाणी निळंशार चमकायला लागलं. टॉनिकमध्ये क्विनाइन असतं. हिवतापावरचं जुनं औषध, आता चवीपुरतं उरलेलं. ते अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतं. मित्राच्या व्हिस्कीने तसं काही केलं नाही.

साडेसातनंतर बार भरला आणि गाण्यांचा आवाज चढला. आवाजाचाही मापाशी संबंध आहे. फ्रान्समध्ये निकोला गेगां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारमध्ये बसलेल्यांवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ डेसिबल संगीत असताना एक ग्लास बिअर संपायला सरासरी साडेचौदा मिनिटं लागत होती. आवाज ८८ केला तर साडेअकरा मिनिटांत ग्लास रिकामा. बोलता येत नाही म्हणून माणूस पीत राहतो, की अंगातच धडधड वाढते, हे दोन्ही असू शकतं. ग्लासाच्या आकाराचंही तेच. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की सरळ ग्लासातली बिअर अकरा मिनिटं पुरते आणि वर फाकलेल्या ग्लासातली सात मिनिटांत संपते. फाकलेल्या ग्लासात अर्धं कुठं येतं हे डोळ्याला कळत नाही, आणि अर्धं झालं की हळू व्हायचं ही आपली मनातली खूण चुकते. आता कॉकटेलचे ग्लास डोळ्यासमोर आणा. बरेचसे वर फाकलेले. त्यात मंद उजेड, वर संगीत, आत साखर आणि थंडी, जी मद्याची धार झाकते. मापाच्या सगळ्या खुणा एकेक करून पुसल्या जातात. हे कुणी कट करून करतं असं माझं म्हणणं नाही. सुंदर जागा अशाच बनतात. पण आत शिरणाऱ्याला हे माहीत हवं.

कारण शरीराचं माप या कशानेच बदलत नाही. बर्फाने नव्वदचे सव्वाशे झाले, तिखटपणा गेला, पण मद्यार्काचं वजन तेवढंच राहिलं. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. तीस मिलिलिटरच्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल दहा ग्रॅम, साठमध्ये वीस. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरतात. अल्कोहोलचं वजन, शरीराचं वजन आणि शरीरातल्या पाण्याचं प्रमाण यांवरून रक्तातलं प्रमाण काढायचं. सत्तर किलोच्या पुरुषात दहा ग्रॅमने रक्तातलं अल्कोहोल दर १०० मिलिलिटरमागे साधारण २१ मिलिग्रॅमने वाढतं. पंचावन्न किलोच्या बाईत तेवढ्याच पेगने ३३ मिलिग्रॅमने, कारण बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे गाडी चालवणाऱ्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पुरुषाची साठच्या एका लार्ज पेगने आणि बाईची तीसच्या एका स्मॉलने ती ओलांडली जाते. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

यकृत दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. कुणाचं थोडं कमी, कुणाचं थोडं जास्त. काळ्या कॉफीने, लिंबूपाण्याने, थंड पाण्याच्या आंघोळीने, तर्री पोह्याच्या झणझणीत प्लेटने हा वेग वाढत नाही. माणूस जागा होतो, रक्त तसंच राहतं. आणि आरोग्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. मद्य कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ पासून आहे.

सव्वानऊला आम्ही बिल मागवलं. मित्र म्हणाला, "दोनच तर घेतल्या." बिलात तीन होत्या. त्याने भुवया चढवल्या. मी तिन्ही वेळा शेकरचा आवाज ऐकला होता आणि ग्लासावर पिळलेल्या संत्र्याच्या सालीचे तीन तुकडे अजून टेबलावर होते. त्याने ते बोटाने मोजले आणि गप्प झाला.

मग कागदी रुमालावर हिशोब मांडला. तीन व्हिस्की सावर म्हणजे १८० मिलिलिटर, दुकानातल्या भाषेत एक पूर्ण क्वार्टर. साठ ग्रॅमहून थोडं जास्त अल्कोहोल. त्याचं वजन सत्तर किलो, म्हणून १२८ मिलिग्रॅम. तीन तासांत ४५ उतरले, उरले ८३. तिसावर यायला आणखी साडेतीन तास, म्हणजे पाऊण वाजणार. शून्यावर यायला पहाटेचे पावणेतीन. तो ठरल्याप्रमाणे लगेच निघाला असता तर त्याच्या कितीतरी आधी, वर्ध्याच्या वाटेवर बुटीबोरी ओलांडून सेलूच्या अंधाऱ्या रस्त्यावर असता, डोळे पुन्हा एकदा उजेडातून काळोखात सरावायच्या धडपडीत.

त्याने किल्ली माझ्या हातात दिली. त्याची गाडी सदरमध्येच राहिली, माझ्या गाडीतून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, पोहे खाऊन, तो ती घेऊन वर्ध्याला गेला.